ओल्या बाटलीवरचा ठसा आणि सोन्याचे लाल पाणी

लहानपणी देवाची उपकरणी घासायचे काम माझ्याकडे असायचे. बिंबले, म्हणजे आंबट फळे, ठेचून चोळायची, वर राख, मग सोडणाने, म्हणजे नारळाच्या काथ्याने, खसाखसा घासून विहिरीच्या पाण्याने धुवायची. समई अशी लखलखायची की आई कौतुक करायची. पुढे फोंड्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले, आणि तिथे हीच सवय मला नडली. नॅनोकणांनी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी, बोटांचे ठसे कसे उठवायचे हे सांगायला बसले आहे खरी, पण त्यातले निम्मे काम भांडी घासण्याचे आहे हे आधीच सांगून ठेवते.

राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस फोंड्यात आल्यापासून आमच्याकडच्या मुलांनाही या विषयाची हौस आली आहे. दर वर्षी दोघे-चौघे प्रोजेक्टला हाच विषय घेऊन येतात. येतात ती जुलैत. बाहेर पाऊस कोसळतोय, खिडकीच्या काचेला आतून घाम फुटलाय, आणि यांना ब्रश-पावडर हवी असते. त्या हवेत पावडर ब्रशलाच गोळा होऊन बसते, काचेवर फासली की चिखल. मग मुले म्हणतात, "बाई, आणखी बारीक पावडर मागवा, नॅनो."

बारीक पावडरीने हे दुखणे जात नाही. कण नुसता लहान असून भागत नाही. तो ठशाच्या रेषेला चिकटला पाहिजे आणि दोन रेषांमधल्या रिकाम्या जागेला चिकटता कामा नये. बोटावरच्या दोन शेजारच्या रेषांत साधारण अर्ध्या मिलिमीटरचे अंतर असते. नेहमीच्या पावडरीचा कण काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काही दशक मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे रेषा दाखवायला तो पुरे आहे. त्याहून लहान कणाने रेषेची कड आणि रेषेवरची घामाची छिद्रे जास्त स्वच्छ दिसतात. पण खरा फायदा वेगळाच. नॅनोकणाच्या अंगावर काय पांघरूण घालायचे, त्यावर कुठला विद्युतभार ठेवायचा, हे आपल्या हातात असते. त्यामुळे तो कशाला चिकटेल हेही आपणच ठरवतो.

ठशात काय असते ते मग पाहावे लागते. तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतात, फक्त घामाच्या. घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणी, त्यात थोडे मीठ, अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टिक आम्ल. तेलकटपणा येतो तो आपण दिवसभर नाका-कपाळाला, केसांना हात लावतो म्हणून. वस्तू पावसात भिजली की मीठ आणि अमिनो आम्ले बरीचशी धुऊन जातात, तेल मागे राहते. भिजलेल्या वस्तूवर तेलाला धरणारा कण, कोरड्या प्लॅस्टिकवर अमिनो आम्लांना आणि प्रथिनांना धरणारा कण, एवढे डोक्यात पक्के ठेवा.

सरावाचे ठसे आधी. हात साबणाने धुवा, अर्धा तास कशाला न लावता ठेवा, मग बोट टेकवा. हा झाला घामाचा ठसा. दुसऱ्या वेळी कपाळावरून बोट फिरवून टेकवा, तो तेलकट. नवशिकी मुले सगळे प्रयोग तेलकट ठशांवर करतात आणि 'झकास आला' म्हणून नाचतात. तो येणारच. तेच बोट पुन्हा न चोळता एकापाठोपाठ आठ-दहा वेळा टेकवा, आणि तुमची पद्धत कितव्या ठशापर्यंत पोचते ते पाहा. दोन पद्धती ताडून पाहायच्या असतील तर एकच ठसा मधोमध कापून अर्धा एकीला, अर्धा दुसरीला द्या. आणि दर वेळी एक कोरा तुकडा, ज्याला कोणाचेच बोट लागलेले नाही, सोबत ठेवा. त्या कोऱ्या तुकड्याची गोष्ट पुढे येईल.

आता ओली बाटली. आमची सरावाची वस्तू म्हणजे फेणीची रिकामी बाटली. गोव्यात तिचा तुटवडा नाही. ठसा उमटवून बाटली रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवायची. सकाळी तिच्यावर जी पद्धत वापरायची तिला 'स्मॉल पार्टिकल रिएजंट'च्या आद्याक्षरांवरून एसपीआर म्हणतात. पाण्यात न विरघळणारे बारीक कण आणि थोडा साबण, बस. जुन्या कृतीत मोलिब्डेनम डायसल्फाइड असते, करड्या-काळ्या रंगाचे, फिकट वस्तूंसाठी. गडद वस्तूंसाठी पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक कार्बोनेट. दिल्लीच्या जी. एस. सोढी आणि जसजीत कौर यांनी झिंक कार्बोनेटच्या स्वस्त कृतींवर बरेच काम केले आहे. याच दोघांनी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या बंगाल पोलिसांतल्या अधिकाऱ्यांबद्दलही लिहिले. १८९७ साली कोलकात्यात ठशांचा पहिला विभाग उघडला, त्यामागची वर्गीकरणाची किचकट गणिते हक आणि बोस यांनी बसवली होती. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्रीसाहेबांचे. प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या माणसाला ही गोष्ट चटकन समजते.

आमचे प्रमाण असे. टायटॅनियम डायऑक्साइड २ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर १०० मिलिलिटर, भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब. आधी साबण आणि पावडर थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग उरलेले पाणी हळूहळू घाला. उलटे केले तर गुठळ्या होतात, पिठल्यासारख्या. डबीवर नॅनो लिहिलेले असले तरी पाण्यात पडले की कण एकमेकांना धरून पुंजके करतात, म्हणून वापरण्याआधी पाच मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा. तो नसेल तर झाकण लावून दणदणीत हलवा. साबणाच्या रेणूची शेपटी तेलाकडे ओढली जाते, डोके पाण्यात राहते. कण त्याच्याच आधाराने तेलकट रेषेवर जाऊन बसतो. साबण जास्त झाला तर ठसाच धुऊन जाईल, कमी पडला तर कण सगळीकडे बसतील. बाटलीवर जाण्याआधी काचेच्या तुकड्यावर प्रमाण तपासा.

बाटली उथळ ट्रेमध्ये आडवी ठेवा, मिश्रण ढवळून ओता आणि अर्धा ते एक मिनिट हात लावू नका. कण वरून खाली बसतात, म्हणून ठसा वरच्या अंगालाच उठतो. बाटली थोडी फिरवून पुन्हा तेच करा. मग दुसऱ्या ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घेऊन तिला त्यात अलगद बुडवून काढा. नळाखाली धरू नका. आमच्या एका मुलाने धरली. तीन दिवसांचे काम तीन सेकंदांत गटारात गेले. पारदर्शक काच असेल तर आत काळा कागद गुंडाळून घाला, पांढऱ्या रेषा लगेच नजरेत भरतात. आधी ओल्यावर एक फोटो, वाळल्यावर दुसरा. मोठी, हलवता न येणारी वस्तू असेल तर हेच मिश्रण स्प्रेच्या बाटलीतून मारा, आणि मध्ये मध्ये बाटली हलवत राहा, नाहीतर तळाशी सगळा गाळ आणि काचेवर नुसते साबणाचे पाणी.

एप्रिल-मे मध्ये मात्र हीच पद्धत रुसते. उन्हात तापलेल्या वस्तूवर तेल सुकते, त्यातले पदार्थ हवेने बदलतात. गाडीच्या बोनेटवरचा आठ दिवसांचा ठसा आणि ओसरीवरच्या बाटलीचा आठ दिवसांचा ठसा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता सोने. प्लॅस्टिकची पिशवी, थर्माकोल, चिकटपट्टी अशा नाठाळ वस्तूंसाठी ही पद्धत. १९८९ साली सॉन्डर्स या शास्त्रज्ञांनी ती मांडली. आधी सोन्याचे कण ठशावर बसवायचे, मग त्या कणांवर चांदी वाढवायची. सोन्याचा कण इतका लहान की नुसत्या डोळ्यांना पुसट गुलाबी छटा दिसली तर दिसली. चांदीचे पुट चढले की रेषा करड्या-काळ्या होतात.

सोन्याचे पाणी करायची रीत त्याहून जुनी, टर्केविच या रसायनशास्त्रज्ञांची, १९५१ ची. गोल्ड क्लोराइड एक ग्रॅमच्या काचेच्या अँप्यूलमध्ये येते. ती फोडलीत की थोडे काढून बाकी ठेवू असा विचार करू नका. हे क्षार हवेतली ओल अधाशासारखे पितात, आणि आमच्या पावसाळ्यात तर बघता बघता पाणी होतात. अख्खा ग्रॅम १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून तपकिरी बाटलीत भरा. हा तुमचा एक टक्क्याचा साठा. स्टीलचा चमचा त्याला लावू नका, सोने चमच्यावरच उतरते.

साठ्यातले १ मिलिलिटर घेऊन ते डिस्टिल्ड पाण्याने १०० मिलिलिटर करा, कोनिकल फ्लास्कमध्ये घेऊन ढवळत उकळी आणा. खळखळून उकळू लागले की सोडियम सायट्रेटचे एक टक्क्याचे ताजे द्रावण २ मिलिलिटर एका दमात ओता. थेंबथेंब नाही. फिकट पिवळा रंग जातो, पाणी क्षणभर रंगहीन होते, मग करडे-निळे, जांभळे, आणि काही मिनिटांत कोकमाच्या सरबतासारखे लाल. तो लाल पक्का झाल्यावर आणखी दहा मिनिटे उकळू द्या. कण साधारण १६ नॅनोमीटरचे होतात (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). सायट्रेट निम्मे घातले तर चाळिसेक नॅनोमीटरचे होतात आणि लाल जरा गढूळ दिसतो. आपल्याला लहान हवेत. कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास आले पाहिजे.

माझे पहिले पाणी निळे-जांभळे झाले आणि तासाभरात तळाला काळी धूळ बसली. दुसरे तसेच. तिसऱ्या वेळी आमच्या प्राध्यापक बाईंनी फ्लास्क खिडकीपाशी धरला आणि विचारले, "हा तू कशाने घासलास?" मी जीव ओतून, काथ्याने घासला होता. आत केसासारखे ओरखडे. सोन्याचे कण त्या ओरखड्यांवरच जमून वाढतात. शिवाय शेवटचे धुणे नळाच्या पाण्याचे. त्यातले क्षार सोन्याच्या कणांभोवतीचा ऋण भार दाबून टाकतात, मग एकमेकांना दूर लोटणारे कण चिकटून पुंजके होतात आणि लालाचे निळे होते. हवे तर मुलांना मुद्दाम दाखवा. लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाका, डोळ्यांदेखत निळे पडेल. त्या दिवसापासून सोन्याच्या पाण्याची भांडी वेगळी. त्यांना घासणी लागत नाही. आम्लराजाने, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने, धुणे, तेही वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली, प्राध्यापकांनीच, गॉगल आणि जाड हातमोजे घालून, आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा वेळा. आम्लराज कधीही झाकून साठवायचे नाही, बाटली फुटते. ही सोय नसेल तर कोरी करकरीत काच वापरा आणि ती दुसऱ्या कामाला लावू नका.

पाणी थंड झाले की पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त. सगळी मेख इथे आहे. सायट्रिक आम्लाचे द्रावण थोडे थोडे घालून पीएच २.५ ते २.८ च्या दरम्यान आणा, आणि ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचे एक-दोन थेंब घाला. आम्ल वातावरणात अमिनो आम्लांवर आणि प्रथिनांवर धन भार येतो, सोन्यावर सायट्रेटचा ऋण भार असतोच, दोघे एकमेकांना ओढतात. पीएच वर राहिला तर ओढ नाही. फार खाली गेला तर सायट्रेट आपला भार सोडते आणि सोने गोळा होते. पीएच मीटर त्याच दिवशी बफरने, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणाने, जुळवून घ्या. कागदाची पट्टी इथे कामाची नाही.

वस्तू आधी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढा, मग प्लॅस्टिकच्या नव्या ट्रेमध्ये सोन्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे, ट्रे हळूहळू डोलवत. पुन्हा डिस्टिल्ड पाणी. मग चांदी: सिल्व्हर ॲसिटेट ०.२ टक्के पाण्यात, हायड्रोक्विनोन ०.५ टक्के पीएच ३.८ च्या सायट्रेट बफरमध्ये. दोन्ही वेगवेगळे ठेवा, वस्तू तयार झाल्यावरच समभाग मिसळा आणि लगेच वापरा. मिश्रण स्वतःहून काळे पडू लागते, तेव्हा रेषा गडद दिसल्या की थांबायचे. 'आणखी एक मिनिट' या हव्यासाने आमच्या कितीतरी पिशव्या कोळशासारख्या झाल्या. डिस्टिल्ड पाण्यात दोनदा धुवा, हवेवर वाळवा. हायड्रोक्विनोन आणि चांदीचे क्षार त्वचेला बाधतात, हातमोजे काढू नका. चांदीचे डाग आठवडाभर बोटांवर राहतात, ते वेगळेच.

काय करू नये त्याच्या दोन गोष्टी. दुधाच्या पिशवीवर प्रयोग करायचा तर ती बाहेरूनही दूध सांडलेली नसावी. दुधात प्रथिने आहेत, सोने त्यांनाही तितक्याच प्रेमाने धरते, आणि अख्खी पिशवी काळी होते. दुसरे, तांब्या-पितळेला ही पद्धत लावू नका. एका मुलीने आजीची जुनी समई आणली होती, देव्हाऱ्यात चोर शिरल्याची कल्पना करून. चांदीच्या द्रावणात तांबे घातले की चांदी तांब्यावरच उतरते, तिथे ठसा असो वा नसो. समई सुंदर रुपेरी-काळी झाली. आजीला काय सांगितले ते मी विचारले नाही.

कोरा तुकडा. एकदा सगळ्या तुकड्यांवर ठसे पुसट आले आणि ज्याला कोणी हात लावला नव्हता त्या कोऱ्या तुकड्यावर एक ठणठणीत अंगठा. मधोमध आडवी पांढरी रेघ. ती बघितल्याबरोबर मी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. आदोळीवर नारळ खवताना कापलेल्या माझ्या अंगठ्याची खूण सगळ्या विभागाला ठाऊक आहे. तुकडे कापताना हातमोजे घातले नव्हते. मुलांनी तो फोटो वर्षभर फलकावर लावून ठेवला.

दिव्याखाली चमकणारे ठसे हवे असतील तर कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण, आहेत. सायट्रिक आम्ल आणि युरिया पाण्यात विरघळवून मायक्रोवेव्हमध्ये तापवले की तपकिरी द्रव होतो, आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली निळा चमकतो. वाळवून भुकटी केली की मात्र चमक मरते, कण फार जवळ आल्यामुळे. म्हणून तो द्रव आराळुटाच्या पिठात मुरवून, वाळवून, खलून ब्रशने लावायचा. हे कोरड्या दिवसांचे काम, डिसेंबरात करा. त्या मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा जेवण गरम करू नका. कॅडमियम असलेले क्वांटम डॉट्स त्याहून देखणे चमकतात, पण कॅडमियम विषारी आहे, आमच्या विभागात ते आणायचे नाहीत असे ठरले आहे. आणि कुठलीही नॅनो भुकटी कोरडी उडवताना एन-९५ मास्क हवाच. मी होता होईल तो ओल्याच पद्धती वापरते. पाण्यातला कण, फवारा मारला नाही तर, नाकात जात नाही.

फोटो काढताना मोजपट्टी ठशाशेजारी ठेवा, कॅमेरा बरोबर वरून, प्रकाश बाजूने तिरका. आणि हे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. ज्याचा ठसा आहे त्याच्या आधारशी तो जोडलेला आहे. आम्ही ठसा देणाऱ्याकडून लेखी संमती घेतो आणि प्रोजेक्ट संपला की फोटो पुसतो. काळजी वाटत असेल तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आहे, ती वापरा.

खरी चोरी झाली तर यातले काहीही करायचे नाही. वस्तूला हात लावू नका, ११२ ला फोन करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पुढचे काम त्यांचे आणि वेर्ण्याच्या राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे. तिथे क्रम असा असतो. आधी नुसत्या डोळ्यांनी आणि तिरक्या उजेडात पाहणे, फोटो, डीएनएसाठी स्वॅब, आणि ओले उपाय त्यानंतर, कारण पाण्यात बुडवलेल्या वस्तूवरचा डीएनए वाहून जाऊ शकतो. सोन्या-चांदीची पाळी सर्वात शेवटी येते. त्यानंतर दुसरे काही करायला उरत नाही.

शेवटी पुन्हा धुणी. वापरलेले चांदीचे पाणी मोरीत ओतू नका. त्यात मीठ टाका, आगरातले जाडे असले तरी चालेल. पांढरा दह्यासारखा साका बसतो, तो सिल्व्हर क्लोराइड. वरचे पाणी काढून साका वेगळ्या बाटलीत ठेवायचा, उजेडात तो जांभळा पडतो. सोन्याचे उरलेले पाणीही वेगळ्या बाटलीत. आमची सोन्याची बाटली अजून अर्धीही भरलेली नाही. शिपाईदादा दर चवथीला विचारतात, "बाई, एवढ्यात नथ होईल का?" मी हिशेब करून दाखवला आहे. शंभर मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम क्षार, त्यातले निम्मेच सोने.